उचंत खात्यातला माणूस

११ जुलै २००६ हा मंगळवार होता. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर संध्याकाळच्या गर्दीत, सहा वाजून चोवीस मिनिटांपासून अवघ्या अकरा मिनिटांत, सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड या परिसरांत लोकलगाड्यांचे प्रथम वर्गाचे डबे फाटून गेले. १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, आठशेच्या आसपास जखमी झाले. चर्चगेटकडून उपनगरांकडे निघालेल्या त्या डब्यांत दलाल होते, हिशेबनीस होते, बँकांचे आणि कंपन्यांचे कर्मचारी होते, दुकान वाढवून घरी निघालेले व्यापारी होते. सूर्यास्तापूर्वी घर गाठून चौविहार सांभाळू पाहणारेही त्यांत असतील. त्या संध्याकाळची आठवण नाही असे व्यापारी कुटुंब दादरपासून भाईंदरपर्यंत सापडणे कठीण आहे.

या प्रकरणात तेरा जणांवर खटला चालला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने एकाला निर्दोष सोडले, पाच जणांना फाशीची आणि सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. मुंबईने सुटकेचा श्वास घेतला. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, २१ जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्व बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतील एकाचा तोपर्यंत तुरुंगातच मृत्यू झाला होता. राज्य सरकारने तातडीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ जुलै रोजी त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवण्यास सांगितले नाही.

अशा निकालानंतर घरोघरी, पेढ्यांवर आणि गाडीच्या डब्यांत एक वाक्य हमखास उच्चारले जाते. "कोर्टकचेऱ्या कशाला? पोलिसांना मोकळा हात द्यायला हवा होता. थर्ड डिग्री लावली असती तर सगळे खरे बाहेर आले असते." बोलणारा माणूस क्रूर नसतो. तो मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणारा असू शकतो, पांजरपोळाला नियमाने देणगी देणारा असू शकतो. त्याच्या बोलण्यामागे मृतांविषयीचे दुःख असते, आणि आपला मुलगाही उद्या त्याच गाडीने जाणार आहे ही भीती असते. म्हणूनच या वाक्याचा विचार तुच्छतेने न करता हिशेबाने केला पाहिजे.

कारण या खटल्यात नेमके हेच घडले होते, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे आहे. मोकळा हात मिळाला नाही म्हणून खटला कोसळला, असे त्या निकालपत्रात नाही. आरोपींचे जे कबुलीजबाब ऑक्टोबर २००६ मध्ये नोंदले गेले, ते छळ करून घेतले गेल्याच्या तक्रारीला वैद्यकीय कागदपत्रांचा आधार मिळतो, असे न्यायालयाने मानले. निरनिराळ्या आरोपींच्या जबाबांतील मजकूर ठिकठिकाणी एकसारखा आढळला. ओळखपरेडीत आणि साक्षीदारांच्या सांगण्यातही गंभीर उणिवा सापडल्या. स्फोटांत नेमक्या कोणत्या प्रकारचे बाँब वापरले गेले, हेदेखील सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. गुन्ह्याचा छडा लागल्याचा खोटा देखावा उभा राहिला, की समाजाला दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो, अशा आशयाचा इशाराही न्यायमूर्तींनी दिला.

थोडक्यात, मारहाणीने सत्य बाहेर येते असे म्हणणाऱ्यांना याच खटल्यात उत्तर मिळाले. मारहाणीने जे बाहेर आले, ते वरच्या न्यायालयात उभे राहू शकले नाही.

या विषयावर भारतीयांचे मत काय आहे, हे आंतरराष्ट्रीय पाहण्यांतून वेळोवेळी समोर आलेले आहे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने २००६ मध्ये २५ देशांतील सुमारे २७ हजार लोकांची मते प्रसिद्ध केली. निरपराधांचे प्राण वाचवणारी माहिती मिळणार असेल, तर दहशतवाद्यांचा काही प्रमाणात छळ करण्याची मुभा सरकारला असावी का, असा तो प्रश्न होता. एकंदर ५९ टक्के लोकांनी मुभेला विरोध केला आणि २९ टक्क्यांनी पाठिंबा दिला. भारतात मात्र पाठिंबा ३२ टक्के आणि विरोध २३ टक्के होता. उरलेल्यांनी ठाम मत दिलेच नाही. जून २००८ मध्ये १९ देशांच्या अशाच पाहणीत छळाला सवलत द्यावी असे म्हणणारे भारतीय ५९ टक्क्यांवर गेले होते. २६ नोव्हेंबरचा हल्ला त्यानंतर पाच महिन्यांनी झाला, हे ध्यानात ठेवावे. २०१४ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २१ देशांत पाहणी केली. जनतेच्या संरक्षणासाठी माहिती मिळवताना छळ कधी कधी आवश्यक आणि स्वीकारार्ह ठरतो, या विधानाशी सहमत असणारे भारतात ७४ टक्के निघाले. चीनचा आकडाही तोच. सर्व देशांची सरासरी ३६ टक्के होती. त्याच पाहणीत ८२ टक्के लोकांनी छळाविरुद्ध स्पष्ट कायदे हवेत असेही सांगितले, आणि आपल्याला अटक झाली तर आपला छळ होईल अशी भीती ४४ टक्क्यांनी व्यक्त केली.

प्रश्नांचे शब्द निरनिराळे असल्याने हे आकडे एकाखाली एक मांडून सरळ तेरीज काढता येणार नाही. तरीही त्यांतून दोन गोष्टी निश्चित दिसतात. अहिंसेची परंपरा सांगणाऱ्या या देशात छळाला मिळणारी संमती जगाच्या सरासरीपेक्षा बरीच अधिक आहे. आणि माणूस छळाला मान्यता देतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दुसरा कोणी तरी असतो. स्वतःचा विचार मनात येताच त्याला कायदा हवासा वाटतो.

यापेक्षाही महत्त्वाची बाब प्रश्नाच्या मांडणीत दडलेली आहे. पहिल्या दोन पाहण्यांत विचारले गेले ते दहशतवाद्यांविषयी. लॉकअपमध्ये मात्र दहशतवादी कधीच येत नाही. तेथे येतो तो संशयित. तो दहशतवादी आहे की नाही, हेच तर ठरवायचे असते. जे सिद्ध करायचे आहे ते प्रश्नातच गृहीत धरले, तर उत्तर देणाऱ्याचे काम फार सोपे होते.

हिशेबाच्या भाषेत हे अधिक स्पष्ट होईल. बँकेत कधी कधी अशी रक्कम जमा होते, की ती कोणाची आणि कशापोटी आली हे कागदावरून कळत नाही. तिला कोणाच्याही नावावर टाकता येत नाही आणि नाकारताही येत नाही. अशी रक्कम उचंत खात्यात ठेवतात. लेखापरीक्षक आला की तो प्रथम उचंत खात्यातल्या जुन्या नोंदींवर बोट ठेवतो, शाखा व्यवस्थापक अस्वस्थ होतो, वरिष्ठ कार्यालयाची पत्रे येऊ लागतात. तरीही नोंद जुनी झाली, दडपण वाढले, एवढ्या कारणाने ती हाताशी असलेल्या एखाद्या खातेदाराच्या नावे टाकता येत नाही. त्यासाठी व्हाउचर लागते. व्हाउचरवाचून केलेली वर्ग नोंद ताळेबंद जुळवते खरी; पण तो ताळेबंद खोटा असतो, आणि खऱ्या खातेदाराचा शोध मात्र कायमचा थांबतो.

संशयित हा न्यायव्यवस्थेच्या उचंत खात्यातला माणूस होय. तो दोषी असेल, नसेलही. पुराव्याच्या व्हाउचरवाचून त्याला दोषींच्या खात्यात वर्ग करण्याचे साधन म्हणजे छळ.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. शहरात कोठे तरी बाँब ठेवला आहे, घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे, बाँब ठेवणारा पोलिसांच्या ताब्यात आहे आणि तो बोलत नाही. शेकडो प्राण वाचवण्यासाठी एका माणसाला वेदना दिल्या तर काय बिघडले? युक्तिवाद प्रभावी आहे, आणि त्याची भीती ज्यांना वाटते त्यांना हसण्यावारी नेणे योग्य नाही. परंतु त्यात तीन गोष्टी पक्क्या धरलेल्या असतात. पकडलेला माणूस तोच आहे. त्याला हवी ती माहिती आहे. आणि वेदना दिल्यास तो वेळेवर आणि खरेच बोलेल. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पक्क्या असण्याचे प्रसंग चित्रपटांत आणि मालिकांत सहज घडतात.

मुंबईच्या रेल्वे स्फोटांत काय घडले ते पाहावे. सातही बाँब ११ जुलैलाच फुटून गेले होते. अटका त्यानंतर झाल्या, आणि कबुलीजबाब स्फोटांनंतर सुमारे तीन महिन्यांनी लिहिले गेले. घड्याळाचा काटा तेव्हा कोठेही सरकत नव्हता. त्या जबाबांचा उपयोग कोणाचे प्राण वाचवण्यासाठी होणार नव्हता. तो खटल्याच्या कागदपत्रांत लावण्यासाठी होणार होता.

कर्ज देताना बँक मंजुरीपत्रात कारण लिहून घेते. यंत्रसामग्रीसाठी घेतलेले कर्ज कर्जदाराने सट्ट्यात घातले, तर त्याला निधीचा अन्यत्र वापर म्हणतात आणि तो गंभीर दोष समजला जातो. जनता छळाला जी मूक मंजुरी देते, ती फुटू पाहणाऱ्या बाँबच्या कारणासाठी देते. तिचा वापर मात्र फुटून गेलेल्या बाँबची फाइल मिटवण्यासाठी होतो. मंजुरी देणाऱ्यांनी हा वापर एकदाही तपासलेला नसतो.

या बाबतीत कायद्याची परंपरा सामान्य मतापेक्षा अधिक अनुभवी आहे. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यात एका आयोगाने छळाच्या तक्रारींची चौकशी केली होती. तेथे छळ होत असे तो केवळ गुन्ह्यांच्या तपासासाठी नव्हे. सरकारी सारा वसूल करण्यासाठीही होत असे. शेतकऱ्याला उन्हात वाकवून बांधणे, लाकडी चिमट्यात बोटे आवळणे, असे प्रकार त्या अहवालात नोंदले गेले. वसुलीसाठी चालवलेला हात तपासासाठीही चालतो आणि तपासासाठी चालवलेला वसुलीसाठी, ही गोष्ट त्या अहवालाने ठळकपणे दाखवली. पुढे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ ने पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून अग्राह्य ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम २३ मध्ये हाच नियम कायम आहे. इंग्रज राज्यकर्त्यांना आरोपींविषयी विशेष माया होती म्हणून हा नियम आला नाही. पोलिसांसमोरच्या कबुलीवर विसंबून चालत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

दहशतवादाच्या काळात या नियमाला अपवाद करण्यात आले. टाडा आणि पोटा या कायद्यांनी, तसेच महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्याने, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब काही अटींवर ग्राह्य धरला. टाडा १९९५ मध्ये आणि पोटा २००४ मध्ये संपुष्टात आला. मोक्का आजही लागू आहे. रेल्वे स्फोटांचा खटला मोक्काखालीच चालला होता.

योगायोग असा, की पुरावा कायदा ज्या १८७२ साली झाला, त्याच वर्षी भारतीय करार कायदाही झाला. या दुसऱ्या कायद्याशी व्यापाऱ्याचा रोजचा संबंध आहे. त्याच्या कलम १५ मध्ये जबरदस्तीची व्याख्या आहे, आणि कलम १९ प्रमाणे जबरदस्तीने मिळवलेली संमती ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला रद्द ठरवता येते. मनगट पिरगाळून घेतलेल्या सहीवर दुकान विकले गेले, असे कोणताही व्यापारी मानणार नाही. कागद खरा असेल, सही खरी असेल, शिक्काही खरा असेल. तरी व्यवहार खरा नाही, असेच तो म्हणेल. दोन हजार चौरस फुटांच्या गाळ्याला लागू असलेला हा न्याय माणसाच्या गळ्याला का लागू नसावा?

याहून जवळचा अनुभव प्राप्तिकर खात्याच्या कारवाईचा आहे. झडती किंवा सर्वेक्षण दिवसभर चालते, रात्र होते, घरातली माणसे एका खोलीत बसून राहतात, आणि शेवटी अमुक इतके उत्पन्न अघोषित होते असा जबाब लिहून घेतला जातो. थकलेला माणूस सही करतो. दुसऱ्या दिवशी सल्लागाराकडे जाऊन तो जबाब मागे घेण्याची खटपट करतो. अशा जबाबांविषयी तक्रारी इतक्या वाढल्या, की केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १० मार्च २००३ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना सूचना दिली. झडती आणि सर्वेक्षणाच्या वेळी कबुली मिळवण्याचा प्रयत्न करू नये, पुरावा गोळा करण्यावर भर द्यावा, असे त्या सूचनेचे सार होते. असे जबाब पुढे मागे घेतले जातात आणि खात्याच्या हाती काहीच उरत नाही, हे मंडळाने जाणले होते.

व्यापारी वर्गाने या सूचनेचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. केवळ जागरणाने आणि धाकाने लिहून घेतलेला जबाब पैशांच्या बाबतीत विश्वासार्ह नसेल, तर फटक्यांनी लिहून घेतलेला जबाब फाशीच्या बाबतीत विश्वासार्ह कसा होईल? करखात्याला जो विवेक सुचला, तो लोकमताला अजून सुचलेला नाही.

मुंबईचे प्रकरण एकटे नाही. २४ सप्टेंबर २००२ रोजी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला आणि तीसहून अधिक माणसे मारली गेली. या खटल्यात पोटाखाली सहा जणांना शिक्षा झाली, त्यांतील तिघांना फाशीची. उच्च न्यायालयाने ती कायम केली. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्या खटल्याचा मुख्य आधारही कबुलीजबाबच होते, आणि ते कायद्याने घालून दिलेल्या रीतीने व स्वेच्छेने दिले गेल्याचे न्यायालयाला आढळले नाही.

अमेरिकेचा अनुभव तर संपूर्ण जगाला महाग पडला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अल-कायदाशी संबंधित म्हणून पकडलेल्या इब्न अल-शेख अल-लिबी या लिबियन माणसाला चौकशीसाठी इजिप्तच्या ताब्यात देण्यात आले. तेथे त्याने सांगितले, की इराकने अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचे प्रशिक्षण दिले. ही माहिती अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत जगापुढे मांडली. पुढच्याच महिन्यात इराकवर स्वारी झाली. २००४ मध्ये अल-लिबीने आपले म्हणणे मागे घेतले. छळ चुकवण्यासाठी आपण ते रचले होते, असे त्याने सांगितले. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने सीआयएच्या कोठड्यांविषयीच्या आपल्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. त्यात ११९ कैद्यांची नोंद होती आणि त्यांतील किमान २६ जणांना चुकीने डांबून ठेवल्याचे नमूद होते. कठोर उपायांनी माहिती मिळवण्याचे साधन परिणामकारक ठरले नाही, हा समितीचा पहिलाच निष्कर्ष होता. सीआयएने तो मान्य केला नाही. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदेत यातना सोसलेले सिनेटर जॉन मॅकेन यांनी मात्र सभागृहात त्या अहवालाची बाजू घेतली. वेदना असह्य झाली की कैदी समोरच्याला हवे ते सांगतो, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

एवढे होऊनही त्याच महिन्यात प्यू संशोधन केंद्राने घेतलेल्या पाहणीत ५१ टक्के अमेरिकनांनी सीआयएच्या पद्धती समर्थनीय ठरवल्या. २९ टक्क्यांना त्या असमर्थनीय वाटल्या. अहवाल आले म्हणून लोकमत बदलतेच असे नाही. तथापि याच देशातून आणखी एक उद्बोधक गोष्ट पुढे आली. २००१ ते २००९ या काळातील पाहण्या एकत्र करून काही राज्यशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या आठ वर्षांत बहुसंख्य अमेरिकन छळाच्या विरोधातच होते, असे त्यांना आढळले. आणि बहुमत छळाच्या बाजूने आहे असा समज मात्र सर्वत्र पसरला होता. आपल्या मताचे लोक अधिक आहेत, असे छळाच्या समर्थकांना प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त वाटत होते. पेढीवर एकाने मोठ्याने म्हटलेले वाक्य बाकीचे चार जण गप्प राहून ऐकतात, आणि त्या चौघांचे मौन संमती म्हणून मोजले जाते, तसाच हा प्रकार होय.

लोकमत किती हलक्या आधारावर उभे राहते, याचे उदाहरण मुंबईतही आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अजमल कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो, ही बातमी घरोघरी पोहोचली आणि न्यायालयीन प्रक्रियेविषयीचा संताप तिने वाढवला. कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही गेली नव्हती, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये जयपूर येथे सांगितले. त्याच्याविषयी निर्माण होऊ लागलेली सहानुभूती मोडण्यासाठी आपण ते रचले, असा त्यांचा खुलासा होता. खुलासा थोड्यांनीच वाचला. बिर्याणी अजूनही लोकांच्या स्मरणात आहे.

याच कसाबच्या खटल्याने मात्र दुसरी वाट दाखवून दिली. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून त्याला जिवंत पकडू दिले. खटल्यात त्याच्याविरुद्ध सीसीटीव्हीचे चित्रण होते, वृत्तछायाचित्रकारांनी टिपलेली छायाचित्रे होती, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते, हल्लेखोरांच्या सूत्रधारांशी झालेल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे होती. त्याला वकील देण्यात आला. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या तिन्ही ठिकाणी शिक्षा टिकली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली. हल्ल्याला तेव्हा चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपींची पुराव्याअभावी सुटका झाली, आणि ती वरच्या न्यायालयांतही कायम राहिली.

कसाब शस्त्रासह पकडला गेला होता आणि रेल्वे स्फोटांचे आरोपी नंतर शोधावे लागले, हा फरक मोठा आहे. दुसरे काम कितीतरी अवघड होते, आणि पोलिसांवरचे दडपण जबरदस्त होते, हे मान्य करायलाच हवे. परंतु काम अवघड असते तेव्हाच नियमाची गरज अधिक असते. एका खटल्यात पुरावा उभा केला गेला आणि चार वर्षांच्या आत हिशेब मिटला. दुसऱ्यात कबुलीवर भिस्त ठेवली गेली, आणि एकोणीस वर्षांनी नोंद पुन्हा उचंत खात्यात आली.

जैन गृहस्थाला या प्रश्नाची आणखी एक बाजू दुर्लक्षिता येणार नाही. शास्त्राने हिंसेचा विचार करताना स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे, असे तीन मार्ग सांगितले आहेत, आणि तिन्ही मार्गांनी मन, वचन व काया बांधली जातात असे मानले आहे. पाहणीत दिलेले उत्तर किंवा पेढीवर उच्चारलेले वाक्य हे हाताने केलेले कृत्य नव्हे. पण ते अनुमोदन आहे. आत्मरक्षणाचा प्रसंगही शास्त्राने विसरलेला नाही. गृहस्थाच्या संदर्भात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद केले आहेत, आणि आक्रमकाचा प्रतिकार करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे स्वीकारले आहे. बंदूक चालवणाऱ्या हल्लेखोरावर पोलिसाने गोळी झाडली तर ती विरोधी हिंसा होय. हात बांधून खोलीत आणलेल्या, प्रतिकार करू न शकणाऱ्या माणसाला ठरवून वेदना देणे या सदरात बसत नाही. ती संकल्पी हिंसाच आहे, आणि ती तर गृहस्थालाही वर्ज्य आहे.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. त्याला अनुसमर्थन मात्र दिलेले नाही. लोकसभेने २०१० मध्ये संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक पुढे व्यपगत झाले. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस करून नव्या कायद्याचा मसुदाही दिला. अटकेच्या वेळी पाळावयाचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच घालून दिले होते, आणि डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. ही कामे रेंगाळतात, कारण ती झाली पाहिजेत असे म्हणणारा मतदार क्वचितच भेटतो. न्यायसहायक प्रयोगशाळा सुसज्ज हव्यात, तपासी अधिकाऱ्याला बंदोबस्ताच्या कामातून मोकळीक हवी, साक्षीदारांना संरक्षण हवे, ही मागणी करण्यात थर्ड डिग्रीच्या मागणीसारखा आवेश नाही. परंतु वरच्या न्यायालयात टिकणारा पुरावा याच मार्गाने मिळतो.

शेवटी राहतात ती ११ जुलैच्या मृतांची कुटुंबे. एकोणीस वर्षांत त्यांनी आधी अटकेच्या बातम्या वाचल्या, मग शिक्षेच्या, मग सुटकेच्या. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम शब्द काही असो. उच्च न्यायालयाचे म्हणणे टिकले, तर त्याचा अर्थ एवढाच होईल, की ज्यांनी ते सात बाँब ठेवले त्यांचा शोध २००६ च्या ऑक्टोबरमध्ये, कबुलीजबाबावर सही होताच, थांबला. जे निर्दोष होते त्यांची वर्षे गेली. जे दोषी होते त्यांना कोणी हाकही मारली नाही.

पुढच्या वेळी पेढीवर कोणी थर्ड डिग्रीची मागणी केली, तर वाद घालण्याची गरज नाही. पकडलेला माणूस तोच आहे हे कशावरून, एवढे शांतपणे विचारावे. व्हाउचर पाहिल्यावाचून नोंद न करणाऱ्या व्यापाऱ्याला हा प्रश्न नवा नाही.